परदेशांत घरच्या अन्नाची आठवण

घरांतील मुलगा किंवा मुलगी परदेशीं जावयास निघाली म्हणजे पेट्या भरण्याचें काम आठ आठ दिवस चालतें. कपडे, पुस्तकें, कागदपत्रें एका बाजूस राहतात आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांचें सारें लक्ष लाडू, चिवडा, चकल्या आणि चिरोटे यांच्या डब्यांवर असतें. परंतु तींच मुलें सहा महिन्यांनीं बोलूं लागलीं म्हणजे लाडवांची गोष्ट क्वचितच काढतात. मेतकूट संपलें त्याचें काय करावें, पिठल्याच्या फोडणींत मोहरी आधीं कीं हिंग आधीं, आणि इकडच्या पिठाची भाकरी थापतांना मोडते कां, असे त्यांचे प्रश्न असतात. पस्तीस वर्षें शिक्षकाचा पेशा केलेल्या माणसाचे विद्यार्थी देशोदेशीं विखुरलेले असतात. पूर्वीं त्यांच्या पत्रांतून आणि आतां दूरध्वनीवरून मला हेंच ऐकूं येत आलें आहे. परमुलुखांत घरच्या अन्नाची जी आठवण जीव कासावीस करते ती सणाच्या पक्वान्नाची क्वचित् असते. रोजच्या साध्या ताटाची असते. असें कां व्हावें, आणि त्यावर उपाय काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

सणाचें अन्न परदेशांत मिळत नाहीं असें नाहीं. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं स्थापन झालें. उत्तर अमेरिकेंतील मंडळांना एकत्र आणणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालापासून चालू आहे. आणि आखाती देशांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जेथें जेथें मराठी माणसें पांच-पन्नासांच्या संख्येनें जमलीं तेथें तेथें गणेशचतुर्थीला मोदक होतात, संक्रांतीला तिळगूळ वांटला जातो आणि होळीला पुरणपोळी जमेल तशी लाटली जाते. सणाला दहा घरें एकत्र येतात, कामें वांटून घेतात, आणि ज्या एका बाईस पुरण साधतें तिच्या जिवावर पन्नास पानें उठतात. शिवाय पुरणपोळी आपण देशांत असतांनाही वर्षांतून तीन-चार वेळांच खातों. तिची वाट पाहण्याची मनास संवय असते. वरणभाताची गोष्ट निराळी. तो आपण रोज खातों, त्याच्याकडे लक्षही न देतां खातों, आणि म्हणूनच तो नाहींसा झाला म्हणजे काय नाहींसें झालें हें प्रथम कळतही नाहीं. नव्या देशांत पहिला महिना नवलाईंत जातो. मग एखाद्या संध्याकाळीं बाहेर थंडी पडलेली असते, अंगांत थोडी कणकण असते, आणि अशा वेळीं ऊन ऊन मऊ भात, त्यावर मेतकूट, तुपाची धार आणि लिंबाची फोड यांखेरीज दुसरें कांहीं नकोसें होतें. आजाऱ्याचें जेवण म्हणून ज्या ताटास घरीं नांवें ठेविलेलीं असतात तेंच ताट डोळ्यांपुढें येतें.

याचें कारण शोधावयाचें तर चव म्हणजे काय, येथून आरंभ केला पाहिजे. आपल्या शास्त्रकारांनीं मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय असे सहा रस सांगितले. आधुनिक शास्त्रज्ञ जिभेला कळणारे रस पांच मानतात: गोड, आंबट, खारट, कडू, आणि पांचवा मांसरसांत, पिकलेल्या टोमॅटोंत, मुरलेल्या चीजमध्यें असणारा, त्याला उमामी असें जपानी नांव मिळालें आहे. तिखटपणा हा त्यांच्या मतें रस नव्हे, ती दाहाची वेदना आहे. परंतु जिभेला कळतें तें एवढेंच. आंबेमोहोराचा भात आणि दुसरा कोणताही भात, हिंगाची फोडणी आणि बिनहिंगाची फोडणी, यांतील भेद मुख्यतः नाकास कळतो. घास चावतांना त्यांतील सुगंधी द्रव्यें घशाच्या मागच्या वाटेनें नाकांत चढतात, आणि त्या गंधालाच आपण चव म्हणतों. ज्याला खात्री करून घ्यावयाची असेल त्यानें नाक चिमटींत धरून बडीशेप चावून पाहावी. ती गोडसर लागेल, परंतु बडीशेप आहे हें कळणार नाहीं. चिमूट सोडतांच कळेल. पडसें आलें म्हणजे अन्न मातीसारखें लागतें तें याचमुळें.

आतां गंधाचा एक विशेष आहे. डोळ्यांनीं पाहिलेलें आणि कानांनीं ऐकलेलें मेंदूंतील एका मधल्या ठाण्यावरून पुढें जातें. गंधाची वार्ता त्या ठाण्यावर न थांबतां, भावना आणि स्मृति यांच्याशीं संबंध असलेल्या भागांत जवळजवळ थेट पोंचते. म्हणून परक्या शहरांत कोणाच्या खिडकींतून लसणाच्या फोडणीचा वास आला तर लसूण हें नांव सुचण्यापूर्वींच आईचें स्वयंपाकघर डोळ्यांपुढें उभें राहतें.

ही ओळख किती लवकर होते, याविषयीं एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत मोनेल या नांवाची, रस आणि गंध यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तेथील ज्यूली मेनेला आणि त्यांचे सहकारी यांनीं तो २००१ सालीं प्रसिद्ध केला. कांहीं स्त्रियांस गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, व कांहींस मूल अंगावर पीत असतांना, गाजराचा रस दिला. कांहींस नुसतें पाणी दिलें. पुढें त्यांच्या बाळांस गाजराच्या रसांत कालविलेली खिमट भरविली, तेव्हां ज्यांच्या आयांनीं गाजराचा रस घेतला होता त्या बाळांनीं तोंडें कमी वांकडीं केलीं. म्हणजे आईच्या ताटांतील चव गर्भजलांतून आणि दुधांतून मुलास पोंचते. तेव्हां हिंग, जिरें, मेथी यांची आपली ओळख दांत येण्याच्याही आधींची आहे, असें मानण्यास हरकत नाहीं. चाळीस वर्षें परदेशीं राहिलेल्या माणसासही ती सुटत नाहीं, यांत नवल कसलें?

तथापि जी गोष्ट शिकतां येते ती कांहीं अंशीं बदलतांही येते. गांधीजी १८८८ सालीं बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस गेले. आईस दिलेल्या वचनामुळें मांस वर्ज्य होतें. बोटीवर त्यांनीं मुख्यतः घरून नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर दिवस काढले, आणि लंडनमध्यें मीठ-मसाल्यावांचून उकडलेल्या भाज्यांवर त्यांचें पोट भरेना. शेवटीं फॅरिंग्डन स्ट्रीट येथें एक शाकाहारी उपाहारगृह सांपडलें, तेव्हां पोटभर जेवण मिळालें. पुढें मात्र घरून आलेली मिठाई आणि मसाले घेणें त्यांनीं बंद केलें, आणि जी उकडलेली पालकाची भाजी पूर्वीं बेचव लागत होती ती त्यांना रुचूं लागली. रुचीचें खरें ठिकाण जीभ नसून मन आहे, असा निष्कर्ष त्यांनीं आत्मचरित्रांत यावरून काढला आहे. गांधीजींचा निग्रह सर्वांस साधणारा नाहीं. परंतु परदेशीं जाणाऱ्यानें तेथील चांगल्या अन्नाशीं ओळख करून घ्यावी, नाक मुरडून बसूं नये, एवढा बोध त्यांतून कोणीही घ्यावा.

ही सारी आठवण म्हणजे जिभेचे चोचले, असें म्हणणारे लोक आहेत. त्यांच्यासाठीं दोन उदाहरणें सांगतों. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. वर उल्लेखिलेल्या त्याच फिलाडेल्फिया शहरांत, स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, त्यांनीं अभ्यास केला, १८८६ च्या मार्चांत पदवी मिळविली, आणि त्या बर्फाळ मुलुखांतील तीन हिवाळे शाकाहार न सोडतां काढले. १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. क्षय हा जंतूंचा रोग आहे, आणि त्याचें खापर आहारावर फोडणें बरोबर होणार नाहीं. परंतु जेथें पिठलें-भाकरीचें नांवही कोणास ठाऊक नव्हतें तेथें एका शाकाहारी विद्यार्थिनीनें अभ्यासाचे श्रम करून अंग धरून राहणें किती कठीण असेल, याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांनीं करून पाहावी.

दुसरें उदाहरण रणांगणाचें आहे. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांतील कूत-अल्-अमारा येथें इंग्रजी सैन्य तुर्कांच्या वेढ्यांत सांपडलें. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. आंत मराठा पलटणींचे जवानही होते. धान्य सरत आलें तेव्हां घोडे कापून त्यांचें मांस वांटण्यास आरंभ झाला. गोरे शिपाई तें खात. भारतीय शिपायांपैकीं बहुतेकांनीं तें जवळजवळ अखेरपर्यंत नाकारलें. धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा बिनतारी संदेशानें आली, तरीही पुष्कळ दिवस कोणी हात लावीना. ताजी भाजी नाहीं आणि मांसही नाहीं, अशा स्थितींत हिरड्या सडविणाऱ्या स्कर्व्ही रोगानें त्यांच्यांतील शेंकडों जणांस ग्रासलें. उलट, आरंभीं पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांत बेरीबेरी पसरला, आणि कोंड्यासकट दळलेलें पीठ खाणारे भारतीय त्यांतून वांचले. एकाच संवयीनें त्यांस एका रोगापासून तारलें आणि दुसऱ्याच्या तावडींत दिलें. अन्नाची संवय जिवावर बेतली तरी सुटत नाहीं, असें यावरून दिसतें. तेव्हां परमुलुखांत आपलें अन्न नीट शिजवून खातां येणें ही चैनीची बाब खचित नव्हे.

आजची स्थिति आनंदीबाईंच्या काळासारखी नाहीं. लंडन, न्यू जर्सी, दुबई किंवा सिडनी येथें भारतीय किराण्याच्या दुकानांत तूरडाळ, ज्वारीचें पीठ, पोहे, साबुदाणा, गूळ हें सर्व मिळतें. तरीही घरची चव येत नाहीं, ही तक्रार उरतेच. ती काल्पनिक नव्हे. तिला कारणें आहेत, आणि तीं समजून घेतलीं तर कांहीं उपायही सांपडतात.

प्रथम भाकरी घ्या. गव्हाच्या कणकेंत ग्लुटेन नांवाचें चिवट द्रव्य असतें. त्याच्या जोरावर पोळी लाटतां येते. ज्वारी-बाजरींत तें नसतें. भाकरी जुळून येते ती ताज्या पिठाच्या विरीनें आणि मळतांना दिलेल्या रेट्यानें. गिरणींतून दोन दिवसांपूर्वीं आणलेल्या पिठाची भाकरी थापणाऱ्या गृहिणीस पीठ जुनें होणें म्हणजे काय, हें फारसें कळावयाचें नाहीं. पिशवींत बंद होऊन, समुद्र ओलांडून आणि दुकानांत महिने काढून आलेल्या पिठाची विरी गेलेली असते; थापतांना कडा फाटतात आणि तव्यावर टाकतांना भाकरी दुभंगते. बाजरींत स्निग्धांश अधिक असल्यामुळें तिचें पीठ तर थोड्याच दिवसांत कडसर होतें. यावर उपाय आमच्या बायकांस पूर्वींपासून ठाऊक आहे. पीठ आधणाच्या पाण्यानें भिजवावें आणि निवलें म्हणजे जोर लावून मळावें. उष्णतेनें पिठांतील पिष्टमय अंश फुगून चिकट होतो व गेलेल्या विरीची जागा कांहींशी भरून निघते.

भाताचें तसेंच. आंबेमोहोर आणि बासमती यांचा सुवास ज्या द्रव्यामुळें येतो तें उडून जाणारें आहे. तांदूळ जितका अधिक काळ पडून राहील तितका त्याचा वास मंदावतो. मावळांतील नवा आंबेमोहोर शिजूं लागला म्हणजे शेजारच्या घरांत कळतें. गोदामांत वर्ष काढलेल्या तांदळाकडून ती अपेक्षा करणें व्यर्थ होय.

वरणाचें कारण पाण्यांत आहे. लंडनचें पाणी चुनखडीच्या थरांतून येतें व तें जड असतें. त्यांतील चुन्याचा अंश डाळीच्या पेशी जोडणाऱ्या द्रव्याशीं मिळून त्याला घट्ट करतो, आणि डाळ कितीही शिजविली तरी एकजीव होत नाहीं. असें पाणी आधीं खळखळून उकळावें, निवूं द्यावें आणि वरचें निवळ पाणी तेवढें ओतून घ्यावें, म्हणजे चुना पुष्कळसा तळाशीं बसतो. आमसूल, चिंच, टोमॅटो हीं डाळ शिजल्यावरच घालावीं, कारण आंबटानेंही डाळ शिजावयाची राहते.

दह्यास ऊब लागते. विरजणांतील जंतु ४० ते ४५ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत जोमानें वाढतात. आपल्याकडे उन्हाळ्यांत ओट्यावर झांकून ठेविलेलें दूध रात्रींतून लागतें. जेथें घरांतील हवाच २० अंशांच्या आसपास असते तेथें सकाळीं पाहावें तर भांड्यांत दूधच असतें. म्हणून तिकडील गृहिणी ओव्हनची आंच न पेटवितां त्यांतील दिवा तेवढा लावून भांडें आंत ठेवतात. इडलीचें व आंबोळीचें पीठही त्याच युक्तीनें फुगतें. परंतु सायीस युक्ति नाहीं. तिकडे बाजारांत येणारें बहुतेक दूध यंत्रांतून असें काढलेलें असतें कीं स्निग्धाचे कण बारीक होऊन दुधांतच पसरून राहतात. त्यावर जाड साय धरत नाहीं. साय नाहीं म्हणून तिचें विरजण नाहीं, घुसळण नाहीं, लोणी नाहीं आणि ताजें ताकही नाहीं. बाजारच्या लोण्याचें तूप कढवितां येतें. परंतु विरजलेल्या सायीच्या तुपाचा वास त्याला येत नाहीं. ताटांत दिसते ती तुपाची एक धार. तिच्यामागें चार दिवसांचीं कामें असतात हें तेथें गेल्यावर समजतें.

शेवटीं मसाला. गोड्या मसाल्यांत धने, सुकें खोबरें, तीळ, दालचिनी, लवंग यांच्याबरोबर नागकेशर आणि दगडफूल असतें. दगडफूल हें नांवाचेंच फूल. खडकांवर आणि झाडांच्या सालींवर शैवाल व बुरशी यांच्या सहवासानें तें वाढतें. कच्चें असतांना त्यास फारसा वास नसतो. तेलांत परतलें म्हणजे धुरकट गंध सुटतो, आणि आमटी आपली आहे हें तोच गंध सांगतो. परदेशांत गरम मसाला म्हणून जो सर्वत्र मिळतो तो उत्तरेकडील रीतीचा. तो घातला तर आमटी चांगली लागेल, पण घरची लागणार नाहीं. दुधाची तहान ताकावर भागवितां येते खरी. परंतु तहान दुधाची होती हें जीभ विसरत नाहीं.

तेव्हां येथून काय न्यावें, हा प्रश्न येतो. प्रवासांत अन्न टिकविण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. पायीं यात्रेस निघालेला मनुष्य शिदोरीस दशमी घेई. ती पाण्याऐवजीं दुधांत भिजविलेली असल्यामुळें सोंवळ्यास चाले, आणि मऊही राही. गूळपापडीच्या लाडवांत पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, म्हणून ते बरेच दिवस बिघडत नाहींत. पाणी काढून टाकणें, मीठ लावणें, आंबट करणें आणि तेलाखालीं झांकणें, हीं या विद्येचीं चार अंगें होत. पापड, सांडगे आणि आमसुलें उन्हानें टिकतात. लोणचें मीठ, आंबटपणा आणि तेल या तिघांच्या पहाऱ्यांत राहतें. मेतकूट हें तर तिचें उत्तम फळ. भाजलेल्या डाळी, तांदूळ, गहूं, मेथी, जिरें, सुंठ, हिंग आणि हळद यांचें तें पीठ पुन्हां शिजवावें लागत नाहीं; थंड खोलींत एकटा राहणारा विद्यार्थीही तें भातावर किंवा दह्यांत कालवून घेऊं शकतो.

गोव्याच्या खलाशांनीं हीच विद्या समुद्रावर नेली. एकोणिसाव्या शतकापासून गोमंतकीय लोक इंग्रजी आगबोटींवर खलाशी, आचारी आणि वाढपी म्हणून नोकरी करीत आले. महिनोन् महिने घरापासून दूर राहणाऱ्या या माणसांच्या सामानांत माडाच्या सिरक्यांत मुरविलेलें सुक्या मासळीचें लोणचें, कोळंबीचें बालचांव, आणि मिरची, मीठ व सिरका लावून टिकविलेले चोरीस असत. चोहोंकडे समुद्र पसरलेला असतांना मासळीचें लोणचें पेटींत जपून न्यावें लागे, यावरून त्यांस हवी होती ती मासळी कीं घरची चव, हें निराळें सांगावयास नको.

परंतु आतांच्या प्रवाशास वाटेल ती वस्तु वाटेल तेथें नेतां येत नाहीं. खाण्याच्या वस्तूंबरोबर कीड व रोग येतात, म्हणून देशोदेशींचीं सरकारें कडक झालीं आहेत. अमेरिकेचें दार भारतीय आंब्यास कित्येक वर्षें बंद होतें. तें २००७ सालीं उघडलें, तेंही फळांवर किरणांचा प्रयोग करून आंतील कीड निरुपद्रवी केल्यावर. तें काम त्या वर्षीं नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या केंद्रांत झालें. तें केंद्र मुळांत कांद्यासाठीं उभारलेलें होतें. युरोपीय संघानें फळमाशीच्या कारणानें १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याबरोबर अळू, कारलें, वांगें आणि पडवळ यांच्या आयातीवरही बंदी घातली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभीं उठली. भारतांतून जाणाऱ्या प्रवाशास दुधाचे व मांसाचे पदार्थ युरोपीय संघाच्या देशांत बरोबर नेतां येत नाहींत. म्हणजे पेढे आणि घरचें तूप गेलें. ताजा कढीपत्ता अमेरिकेंत नेण्यास मनाई आहे, कारण लिंबू-संत्र्यांच्या बागांस मारक असा रोग पसरविणारा एक कीटक त्यावर राहतो. ऑस्ट्रेलियांत उतरतांना पेटींतील प्रत्येक खाद्यवस्तु अधिकाऱ्यांस सांगावी लागते.

एक इशारा मी मुद्दाम देतों. खसखस आपण अनारशांस लावतों आणि मसाल्यांत वाटतों. परंतु ती अफूच्या झाडाचें बीं आहे. संयुक्त अरब अमिरातींत किंवा सिंगापुरांत ती नेणें हा गुन्हा ठरतो. फराळाचा डबा प्रेमानें भरून देणाऱ्या घरांनीं हें ध्यानांत ठेवावें. अनारशांच्या एका डब्यापायीं मुलास तुरुंगाचें दार दिसूं नये. ज्या देशास जावयाचें त्याचे नियम पेटी भरण्यापूर्वींच पाहून घ्यावे.

पेटी सीमेवर अडते. पदार्थाची कृति मात्र कोणी अडवूं शकत नाहीं. याचें मला ठाऊक असलेलें उत्तम उदाहरण बेने इस्राएल समाजाचें आहे. जुन्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील गांवांत पिढ्यान् पिढ्या राहिलेला हा मराठी बोलणारा यहुदी समाज. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले आणि बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा ठिकाणीं वसले. धर्माच्या दृष्टीनें ते स्वदेशीं परतले होते. जेवणाच्या दृष्टीनें परदेशीं गेले होते. मांस आणि दूध एकत्र शिजवूं नये असा त्यांचा धर्मनियम आहे. कोकणांत नारळाच्या रसानें ती अडचण सहज दूर झाली होती, आणि ती रीत त्यांच्या बायकांनीं तिकडेही नेली. प्रेषित एलियाच्या स्मरणार्थ, नवस फेडतांना आणि मंगल प्रसंगीं त्यांच्यांत मलिदा करतात. भिजविलेले पोहे, खोबरें, साखर, वेलची आणि वर फळें, असा तो प्रसाद असतो. कोकणच्या भातखाचरांपासून इतक्या दूर, जेथें नातवंडें हिब्रू बोलतात त्या घरांतही, शुभकार्यांत पोह्यांचें ताट येतें. मायबोली नांवाचें मराठी नियतकालिकही या लोकांनीं तेथें चालविलें. सामान बहुतेक तेथलेंच. हात आणि रीत तेवढी कोकणची.

कृति बरोबर न्यावयाची म्हणजे ती सांगतां आली पाहिजे, आणि येथेंच आपलें घोडें पेंड खातें. आमच्या घरांतील वडील स्त्रियांस प्रमाण विचारावें तर अंदाजानें, मूठभर, खमंग वास सुटेपर्यंत, अशीं उत्तरें मिळतात. तीं खरीं असतात. परंतु ज्याला तो वास माहीत आहे त्यालाच तीं उपयोगी. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत वाटी आणि चमचा या घरांतल्याच मापांनीं प्रमाणें दिलेलीं असल्यामुळें नवख्या हातांस तें फार उपयोगी पडलें, आणि नववधूंच्या पेट्यांतून दूरदूरच्या देशांत गेलें. परंतु कोणत्याही छापील पुस्तकांत आपल्या घरची आमटी नसते. चुली घरोघरीं मातीच्या असल्या तरी आमटी घरोघरीं निराळी असते.

म्हणून, श्रोतेहो, माझी सूचना अगदीं साधी आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशीं जाणार असें ठरलें कीं फराळाचे डबे भरण्याच्या दोन-तीन महिने आधीं त्यांस स्वयंपाकघरांत उभें करावें. भात-वरण, पिठलें, पोळी किंवा भाकरी, एक उसळ, आणि दूध विरजणें, एवढीं पांच कामें त्यांनीं स्वतःच्या हातानें, कोणी मध्यें न बोलतां, चार-चार वेळां करावीं. आजी किंवा आई मूठभर घालील तें आधीं वाटींत ओतून मोजावें आणि वहींत लिहावें. वास सुटला कीं हांक मारून जवळ बोलवावें आणि तो वास हुंगवावा, कारण तो लिहितां येत नाहीं. मुलींस हें आपोआप येतें आणि मुलांस त्याची गरज नाहीं, या दोन्ही समजुती आतां टाकून द्याव्या. ज्यास पांच पदार्थ करतां येतात तो आजारीपणांत उपाशी राहत नाहीं, आणि त्याच्या खोलीवर आणखी चार एकटीं मुलें जेवून जातात.

हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं. मसाला भाजणारे, भाकरी थापणारे, लोणचें घालणारे वडील हात घरोघरीं थकत चालले आहेत. ज्या घरांत आजीचें मेतकूट आजीबरोबरच गेलें त्या घरांतील माणसें पुण्यांत राहोत कीं पर्थमध्यें, त्यांच्या वांट्यास आठवणच राहते. ती वेळ येण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं वही आणि वाटी घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसावें.